मोटारींची स्केल मॉडेल्स जोडणं आणि रंगवणं : नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या उत्तरांत १/२४ आणि १/२५ मापाची प्लास्टिकची किट धरली आहेत. किटसोबत येणारा सूचनांचा कागद आपला नवतपा किंवा श्रावणातली झडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला नसतो. रंग बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच. म्हणून हवेबद्दल इथे जरा जास्तच लिहिलं आहे.

१/२४ म्हणजे नेमकं किती मोठं?

खऱ्या गाडीचं प्रत्येक माप २४ ने भागायचं. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिमी, म्हणजे मॉडेल १३९ मिमीचं. ॲम्बेसेडर ४३२५ मिमी, तिचं मॉडेल १८० मिमी, एका वितीत मावणारं. अर्धा इंच म्हणजे एक फूट या हिशेबातून हे माप आलं. जपानी किट बहुतेक १/२४ मध्ये आणि अमेरिकन गाड्यांची जुनी किट १/२५ मध्ये असतात. फरक चार टक्क्यांचाच, पण एका मापाची चाकं दुसऱ्या मापाच्या गाडीला लावली की मडगार्डच्या कमानीत लगेच खटकतात. १/१८ आणि १/४३ मध्ये मुख्यतः धातूच्या तयार गाड्या मिळतात.

पहिलं किट कोणतं घ्यावं?

इंजिन नसलेलं, उघडणारी दारं नसलेलं, शंभराच्या आत भाग असलेलं १/२४ चं जपानी किट. तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चारही कंपन्या जपानच्या शिझुओका प्रांतातल्या. त्यांतल्या तामियाचे भाग सगळ्यात नेमके बसतात, म्हणून नवख्याला आम्ही तेच सुचवतो. आणखी एक सोय अशी की जपानातही वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे जपानी गाड्यांच्या किटमध्ये आपल्यासारखं उजवीकडचं स्टिअरिंग सहसा मिळतं.

रंग निळा किंवा राखाडी निवडा, साधा, चमकीविना. पांढरा आणि पिवळा झाकायला अवघड. काळ्यावर धुळीचा कण अन् कण दिसतो. मेटॅलिक तिसऱ्या-चौथ्या गाडीला घ्या.

साहित्य काय लागतं आणि ते गावात मिळतं का?

किट आणि खास मॉडेलचे रंग बहुतेकांना ऑनलाइनच मागवावे लागतात. स्प्रे कॅन हवाई कुरियरने जात नाहीत, जमिनीवरून येतात. त्यामुळे दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून मागवा.

बाकीचं बरंच इथेच मिळतं. ४०० ते २००० नंबरचा वॉटर पेपर हार्डवेअरच्या किंवा मोटार पेंटच्या दुकानात मिळतो. इतवारी, गांधीबागेकडे चक्कर मारली तर एकाच फेरीत काम होतं. ३००० नंबरचा मोटार पेंटवाल्याकडेच विचारा. रंग मोजायला २ आणि ५ मिलीच्या सिरिंज औषधाच्या दुकानातून. आयसोप्रोपिल अल्कोहोल तिथे किंवा लॅबचं साहित्य विकणाऱ्याकडे. बारीक ब्रश, कटिंग मॅट आणि पेन-नाइफ बर्डीत स्टेशनरीवाल्याकडे.

दोन गोष्टींत काटकसर करू नका: प्लास्टिक कापायची एका बाजूने सपाट पात्याची कटर आणि मास्किंग टेप. इलेक्ट्रिशियनच्या पक्कडीने भाग कापला तर कापल्याजागी प्लास्टिक पांढरं पडतं आणि खड्डा राहतो. हार्डवेअरच्या मास्किंग टेपखाली रंग झिरपतो आणि कड करवतीसारखी येते. मॉडेलसाठीची ६ आणि १० मिमीची टेप घ्या.

कोणता गोंद कुठे?

प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला पातळ मॉडेल सिमेंट. दोन्ही भाग आधी जुळवून धरायचे आणि फटीवर ब्रशचं टोक टेकवायचं. द्रव आपोआप आत ओढला जातो. हा खरं म्हणजे गोंद नव्हे, तो प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. म्हणूनच रंगवलेल्या किंवा क्रोम केलेल्या पृष्ठभागावर तो धरत नाही. तिथला रंग आधी खरवडून काढावा लागतो.

फेविक्विक धातूच्या आणि रेझिनच्या भागांना. काचेजवळ ते आणूच नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. काचांना पांढरा फेविकॉल. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापडाने निघतो.

सूचनांच्या कागदावर इंजिन किंवा चॅसिस पहिल्यांदा आहे. तिथूनच सुरू करायचं का?

नाही. बॉडीपासून सुरू करा, कारण बॉडीचा रंग पक्का व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ती वाळत असताना चॅसिस, सीट आणि डॅशबोर्ड होऊन जातात.

भाग ज्यांना जोडलेले येतात ते प्लास्टिकचे सगळे सांगाडे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असू शकतो. वाळल्यावर बॉडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. पुढच्या मडगार्डवरून, काचेच्या खांबांवरून आणि छताच्या कडेने केसाएवढी रेघ गेलेली दिसेल. साच्याचे तुकडे जुळतात तिथली ती रेघ. डोळ्याला दिसली नाही तरी नखाला अडते. खऱ्या गाडीवर ती नसते आणि चकचकीत रंगाखाली ती दुप्पट उठून दिसते. ४०० ने काढा, ६०० आणि ८०० ने ओरखडे मिटवा.

मग दारं, बोनेट आणि डिकीच्या खाचा सुरीच्या पात्याच्या उलट्या टोकाने हलक्या हाताने दोन-तीनदा ओढून खोल करा. प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून आठ-दहा थर चढतात. खाच उथळ राहिली तर ती भरून जाते आणि दार बॉडीला चिकटवल्यासारखं दिसतं. रंग देण्याआधी बॉडी एकदा चॅसिसवर कोरडी बसवून पाहाच. रंगानंतर घट्ट बसली तर ढकलताना कडेचा रंग उडतो.

प्रायमर टाळला तर चालेल?

चालणार नाही. प्रायमर रंगाला पकड देतो, राहिलेले ओरखडे दाखवतो आणि खालच्या प्लास्टिकचा रंग एकसारखा करतो. पातळ दोन हात, मध्ये २० मिनिटं. दुसऱ्या दिवशी १००० च्या वॉटर पेपरने पाण्यात हलकेच. लाल, पिवळ्या, नारंगी रंगाखाली पांढरा प्रायमर घ्या, बाकीच्यांखाली राखाडी.

प्लास्टिकच लाल असेल आणि वर पांढरा किंवा पिवळा द्यायचा असेल तर जपून. लाल प्लास्टिकमधलं रंगद्रव्य लॅकरमध्ये (थिनरवर चालणाऱ्या, झटपट वाळणाऱ्या रंगात) विरघळून वर येतं आणि चार दिवसांनी पांढरी गाडी गुलाबी दिसायला लागते. प्रायमरनंतर चंदेरीचा एक हात मारा, त्यावर पांढरा प्रायमर आणि मग रंग.

नागपुरात रंगवायला कोणता काळ चांगला?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. वेळ सकाळी ११ ते दुपारी ४. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो, तेव्हा रंग जाड पडतो आणि कॅनमधला दाबही कमी असतो. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, पाणी हाताला सहज सोसेल इतकंच. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही.

मार्च-एप्रिलमध्ये सकाळी ९ च्या आत काम संपवा. मे महिन्यात पहाटे साडेपाच ते साडेसात हीच काय ती वेळ. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी रंगाचा थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आत निम्मा वाळलेला असतो. तो पसरत नाही, वाळूसारखा बसतो. शिवाय हवा इतकी कोरडी असते की बॉडी कापडाने पुसली की तिच्यात स्थिर वीज भरते आणि धूळ ओढली जाते. किंचित ओलसर, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा.

पावसाळ्यात आर्द्रतेचा छोटा डिजिटल मीटर जवळ ठेवा. आकडा ६५ च्या खाली असेल तर रंगवा. ७० च्या वर चकचकीत लॅकर मारू नका, मग बाहेर पाऊस असो वा नसो. झडी लागली की आम्ही सीट, डॅशबोर्ड आणि चॅसिस हाती घेतो. ते मॅट असतात, ब्रशने होतात आणि हवेला फारसे भीत नाहीत.

कुलर सुरू ठेवून रंगवता येईल का?

नाही. कुलर खोलीत ओलावा सोडतो, आणि त्याबरोबर गवताच्या ताटीचे तुसही. रंगवण्याआधी अर्धा तास तो बंद करा, खिडक्या उघडा, पंखाही बंद. रंगवून झालं की बॉडी लगेच पिठाच्या मोठ्या, स्वच्छ डब्याखाली झाका. डब्याची एक कड पेन्सिलीवर टेकवा म्हणजे वाफ बाहेर जाईल. एसीची खोली वाळवायला उत्तम. पण बंद खोलीत वाफ कोंडते, त्यामुळे तिथे फवारायचं नाही.

रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. का?

या दोषाला जगभर संत्र्याच्या सालीचंच नाव आहे, आणि तो ओळखायला आपल्याइतकं सोपं कोणालाच नाही. एक संत्रं ट्यूबलाइटखाली धरा. साल चकचकीत असते, पण ट्यूबचं प्रतिबिंब तिच्यावर सरळ उमटत नाही. प्रत्येक बारीक खड्ड्यापाशी तुटतं. आता गाडीचं बोनेट तसंच धरा. प्रतिबिंबाची कड सरळ असेल तर रंग बरोबर, दातेरी असेल तर साल आली.

कारण एकच: थेंब एकमेकांत मिसळून सपाट व्हायच्या आत वाळले. ते चार प्रकारे होतं. कॅन फार लांबून धरला, हवा तापलेली होती, रंग जाड होता किंवा एअरब्रशचा (कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाचा) दाब जास्त होता. नागपुरात पहिली दोन कारणं सहसा जोडीने येतात. थंडीत कॅन २० सेंमीवर ठीक, पण एप्रिलनंतर १५ सेंमीवर आणा आणि हात थोडा जलद फिरवा. एअरब्रश असेल तर सावकाश वाळणारं लेव्हलिंग थिनर वापरा, किंवा नेहमीच्या थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला. त्याहून जास्त घातलं तर रंग दिवसेंदिवस मऊ राहतो आणि बोटांचे ठसे उमटतात.

साल आली असेल तर लगेच वर आणखी रंग थापू नका. दोन दिवस थांबा, १५०० च्या वॉटर पेपरने पाण्यात समतल करा, मग एक ओला हात. मेटॅलिक रंग मात्र कधीही घासू नका. चंदेरी कण कापले जाऊन डाग पडतात. त्यावर क्लिअर मारायचा आणि क्लिअरच घासायचा.

कॅनने हात मारायची नेमकी रीत?

फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, पलीकडे बाहेरच थांबवायचा. सुरू होताना आणि थांबताना नोझल थुंकतं. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. १० मिनिटांनी दुसरा मध्यम, १५ मिनिटांनी तिसरा मध्यम. अर्ध्या तासाने शेवटचा ओला, ज्यात प्रतिबिंब दिसू लागतं. आधी खाचा आणि कडा, छत आणि बोनेट शेवटी. ओघळ आला तर बोट लावू नका. तीन दिवसांनी तो टणक झाल्यावर १००० ने उतरवा.

एअरब्रश घ्यावा का?

पहिल्या दोन-तीन गाड्या कॅनवर करा, मग ठरवा. घेतलात तर ०.३ मिमी नोझल आणि दाब-नियंत्रक व पाणी अडवणारा ट्रॅप असलेला कॉम्प्रेसर घ्या. ट्रॅप नसेल तर जुलैत नळीतलं पाणी थेट बोनेटवर येतं. लॅकर रंग १ भाग तर थिनर दीड ते दोन भाग. ढवळून कपच्या भिंतीवर थेंब सोडला की तो साय न काढलेल्या दुधासारखा उतरला पाहिजे. दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर ८ ते १० सेंमी.

हार्डवेअरचं एनसी थिनर ब्रश धुवायलाच ठेवा. रंगात घालून उघड्या प्लास्टिकवर मारलं तर पृष्ठभाग खातो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. त्या रंगाने झाकल्या जात नाहीत, घासूनच काढाव्या लागतात.

मोटार पेंटच्या दुकानातून गाडीच्या कोडचा रंग आणला तर?

साधा रंग असेल तर छान जमतो. प्रायमर पूर्ण झाकलेला हवा आणि सुरुवातीचे हात अगदी पातळ. मेटॅलिकमध्ये अडचण आहे. खऱ्या गाडीच्या रंगातला २० मायक्रॉनचा कण २४ पटींनी मोजला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो, आणि मॉडेल चमकी शिंपडल्यासारखं दिसतं.

हार्डनर घालायचा टू-के क्लिअर घरात मारू नये, असं आमचं ठाम मत आहे. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही.

रंगावर पांढरी धूसर साय आली.

ओलावा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवसाची वाट पाहा, मग नुसतं लेव्हलिंग थिनर धुक्यासारखं फवारा. बहुतेक वेळा साय जाते. गेली नाही तर घासून पुन्हा.

मध्येच गोल गोल खड्डे पडतात, रंग तिथून पळतो.

तेल किंवा सिलिकॉन. डोक्याला खोबरेल लावलेला हात आणि गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश हे नेहमीचे दोन गुन्हेगार. रंगाआधी बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नंतर हातमोज्यांशिवाय धरू नका.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) सुकल्यावर भोवती पांढरं वर्तुळ राहतं.

बोअरच्या पाण्यातले क्षार. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी वापरा. १० ते १५ सेकंद बुडवा, मिनिटभर टिश्यूवर ठेवा, मग कागदावरून सरकवा, ओढू नका. वर मऊ करणारं द्रावण लावल्यावर डेकलला सुरकुत्या पडतात. तेव्हा हात मागे घ्या. वाळताना ते स्वतःच ताणून खाचेत बसतं, आणि मध्ये बोट लावलं तर फाटतं.

आरशासारखी चमक कशी आणायची?

डेकलनंतर एक दिवस सोडून क्लिअरचे चार हात. पहिले दोन अगदी पातळ, नाहीतर लॅकर डेकल खातो. मग किमान आठवडाभर थांबा, पावसाळ्यात दोन आठवडे. नाकाशी धरून वास येत असेल तर अजून वाळलेलं नाही. २००० मग ३००० चा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, गोल न फिरवता एकाच दिशेने. त्यानंतर जाड, मध्यम आणि बारीक असं तीन टप्प्यांत मॉडेलचं कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट), मऊ सुती कापडाने. कडा आणि उंचवटे आधीच टेपने झाकून घ्या. रंग तिथे सगळ्यात पातळ असतो आणि दोन घासांत प्रायमर दिसतो.

लाइट, टायर?

मागचे लाल दिवे थेट लाल रंगाने रंगवू नका. आतून चंदेरी आणि काचेवर पारदर्शक लाल. तामियात तो एक्स-२७, इंडिकेटरचा पारदर्शक नारंगी एक्स-२६. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते, ४०० च्या कागदावर फिरवली की ती जाते आणि रबराला वापरलेल्या टायरची राखाडी छटाही येते.

एमएच ३१ ची नंबर प्लेट कशी करायची?

मॉडेलला आपलं गाव देणारी हीच एक गोष्ट, म्हणून मापात करा. खरी लांब प्लेट ५०० × १२० मिमी, म्हणजे १/२४ मध्ये २०.८ × ५ मिमी. दोन ओळींची ३४० × २०० मिमी, म्हणजे १४.२ × ८.३ मिमी. अक्षराची खरी उंची ६५ मिमी असते, ती २.७ मिमी होते. संगणकावर मूळ मापात आखा आणि छापताना ४.१७ टक्क्यांवर आणा, थेट बारीक आखलं तर अक्षरांमधली अंतरं बिघडतात. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळं, टॅक्सीला पिवळ्यावर काळं. शहरासाठी एमएच ३१, पूर्व नागपूरसाठी ४९, ग्रामीणसाठी ४०. चकचकीत फोटो-कागदावर छापा, मागचा थर नखाने सोलून पातळ करा आणि कापलेल्या पांढऱ्या कडा काळ्या मार्करने रंगवा. ही कड राहिली की प्लेट कागदाची आहे हे हातभर अंतरावरून कळतं.

सगळंच बिघडलं. रंग काढता येतो का?

येतो. बॉडी झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. काच आणि क्रोमचे भाग त्यात टाकू नका. हट्टी रंगाला गॅरेजमधलं डॉट-३ ब्रेक ऑइल लागू पडतं. हातमोजे घाला आणि नंतर साबणाने दोनदा धुवा. नुसतं क्रोम काढायचं असेल तर घरातलं ब्लीच पुरतं. ब्लीच कधीही टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

मास्क कोणता?

सेंद्रिय वाफ शोषणारी काडतुसं असलेला. एन-९५ कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वास जाणवू लागला की काडतूस बदला. गॅलरीत रंगवत असाल तरी देवघरातला दिवा आणि गॅसची शेगडी जवळ पेटलेली नको. लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत.

तयार गाडी आणि रंग उन्हाळ्यात कुठे ठेवावे?

गच्चीवरच्या खोलीत नको, उभ्या गाडीच्या डिकीतही नको. स्प्रे कॅनवर ४० किंवा ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली ती ओलांडली जाते. कॅन तळमजल्यावर, भिंतीतल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उभे ठेवा. किटचं प्लास्टिक ७५-८० अंशांच्या पुढे वाकायला लागतं. बंद मोटारीत काचेमागे उन्हात ठेवलेल्या मॉडेलचं छत म्हणूनच खचतं.

काचेच्या कपाटात ठेवत असाल तर टायरखाली कागदाची किंवा काचेची पट्टी द्या. मऊ विनाइलच्या टायरमधलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि ते प्लास्टिक व रंग दोन्ही विरघळवतं. रंगवलेल्या लाकडी फळीवर वर्षभर उभी राहिलेली गाडी उचलली की चार टायरचे चार खड्डे फळीवर दिसतात.